देवळाची किल्ली

आमच्या वाडीच्या बांधावर उभं राहिलं की माडांच्या शेंड्यांवरून चर्चचा क्रूस दिसायचा. आईला घड्याळ बघायची सवय नव्हती. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ती हातातलं काम टाकून पाय धुवायची आणि तुळशीपाशी दिवा लावायची. बांधापलीकडच्या ख्रिस्ती घरात त्याच घंटेवर सगळी माणसं माळ जपायला बसायची. इतकं ते चर्च आमच्या घरात होतं. पण त्याच्या आत मी पहिल्यांदा गेलो तो वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याच शेजाऱ्यांच्या आजोबांना शेवटचं पोचवायला. तोवर मला कोणी अडवलं नव्हतं, आणि कोणी बोलावलंही नव्हतं. ते दार आपलं नाही, एवढं मात्र लहानपणापासून न सांगता कळलेलं होतं.

वसई तालुक्यातल्या आणि एकूणच कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या गावचर्चांबद्दल सध्या दोन तऱ्हेचं बोलणं कानावर येतं. काही जण म्हणतात, ही पोर्तुगीज वारसास्थळं आहेत, पाट्या लावा, वाहनतळ करा, बसगाड्या आणा. काही म्हणतात, ही आमची प्रार्थनेची जागा आहे, बाहेरच्यांचं इथे काय काम, फाटकाला कुलूप घाला. मला दोन्ही पटत नाही. गावचं चर्च शेजाऱ्यांना उघडं असावं आणि पर्यटकांसाठी सजवलेलं नसावं, असं माझं म्हणणं आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीला घेऊन मी किनाऱ्यालगतच्या एका गावी गेलो होतो. ती वास्तुकला शिकते, आणि तिला जुन्या भिंती बघायच्या होत्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. फाटकाला कुलूप, आणि त्यावर पाटी: मिस्सेची वेळ सोडून प्रवेश बंद. मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना. आम्ही परत फिरणार, तेवढ्यात समोरच्या अंगणात सुकेळी वाळत घालणाऱ्या मावशींनी हाक मारली. किल्ली कोणाकडे असते ते त्यांनी सांगितलं, आणि पाचव्या मिनिटाला चर्चची राखण करणारे काका लेंगा सावरत आले. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "तुम्ही इथलेच ना? मग किल्ली मागायला लाजता कशाला?"

त्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही.

आत गारवा होता. वरती लाकडी तुळया, समोर कोरीव लाकडाची वेदी, तिच्यावरचं सोनेरी काम जागोजागी उडालेलं. पायाखालच्या फरसबंदीत एक थडग्याची शिळा होती, पोर्तुगीज अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली. तिच्याच वरच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी, सगळी मराठीत. काका त्या शिळेला वळसा घालून चालत होते. भाचीने विचारलं, तर म्हणाले, "आमची आजी सांगायची, खाली कोणीतरी झोपलंय, पाय देऊ नये." कोण झोपलंय ते आजीला वाचता येत नव्हतं. तरी वळसा मात्र तीन पिढ्या चालत आला होता.

या इमारतींना पोर्तुगीज म्हणण्यात काय चुकतं, ते अशा ठिकाणी लक्षात येतं. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती घेतली. म्हणजे सत्ता होती दोनशे पाच वर्षं. ती जाऊन आता पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. वसई मराठ्यांच्या ताब्यात देतानाच्या तहात ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळू देण्याचं कलम होतं. परके पाद्री निघून गेले, आणि पुढे देशी पाद्र्यांनी व गावकऱ्यांनी ही धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्या, चालवली. कौलं त्यांनी बदलली, पावसाळ्यानंतर चुना त्यांनी फासला, मुलांचे बाप्तिस्मे आणि म्हाताऱ्यांचे अंत्यविधी त्यांनी केले. जी इमारत बांधणाऱ्याच्या हाती दोनशे वर्षं होती आणि सांभाळणाऱ्याच्या हाती त्याहून जास्त, ती कोणाची म्हणायची? या भागातले जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत आले. हा शब्द त्यांना कोणी शिकवावा लागला नाही, तो त्यांच्या तोंडी होताच. सामवेदी बोली बोलणारे ब्राह्मण आणि सामवेदी बोली बोलणारे ख्रिस्ती इथे एकमेकांच्या विहिरीला विहीर लावून पानमळे आणि केळी पिकवत आले. नंदाखालात जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची जानेवारी २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काही जणांनी आक्षेप घेतले होते. धर्मगुरूचा मराठीशी काय संबंध, असा त्यांचा सूर होता. मला त्या वेळी राग आला होता, पण आज वाटतं, त्यातल्या किती जणांनी वसईतल्या एखाद्या गावी रविवारची मिस्सा ऐकली असेल? मराठीतली प्रार्थना, मराठीतलं प्रवचन, पेटी-तबल्यावरची गीतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, जगभर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली. इथे ती जागा मराठीने घेतली. हे दार उघडं असतं, तर तो आक्षेप सुचलाच नसता.

खाली रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईला याहून नवल आहे. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या मुखावर, किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी ते गाव लागतं. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, पोर्तुगीज निघून गेले, आणि त्यांच्या चाकरीतली ख्रिस्ती माणसं तिथेच राहिली. ती आजही घरात एक बोली बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. शब्द पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची ठेवण मराठीची, क्रियापद शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडचे लोक मात्र किल्ला चढतात, दीपगृहापाशी फोटो काढतात आणि गावाला वळसा घालून परत येतात. कार्मेल मातेच्या त्या चर्चभोवती जमणारं गाव नसतं, तर ही बोली केव्हाच विरून गेली असती. एक भाषा तीनशे वर्षं जपण्याचं काम कुठल्याही विद्यापीठाने केलं नाही, ते एका गावाने आपल्या चर्चच्या आवारात केलं.

आता जे टाळून चालणार नाही ते बोलतो. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी देवळं पाडली. गोव्यात सोळाव्या शतकात ती मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, १५६० पासून तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं आणि ते १८१२ पर्यंत पूर्णपणे संपलं नाही. वसईजवळ निर्मळचं क्षेत्रही त्या काळात उद्ध्वस्त झालं आणि १७३९ नंतर पुन्हा उभं राहिलं. हे खरं आहे, आणि चर्च दाखवणाऱ्याने ते लपवू नये, असं मला वाटतं. पण ज्याच्या पणजोबाच्या पणजोबाला कोणत्या परिस्थितीत बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडलं गेलं हे त्यालाही ठाऊक नाही, त्या केळीच्या बागायतदाराकडून आज त्याचा हिशेब मागणं अन्याय आहे. ज्यांनी पाडलं ते गेले. जे राहिले ते आपले.

घंटांचंही तसंच आहे. वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी देशावर नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७. कोकणातल्या पालीच्या बल्लाळेश्वराकडेही अशीच घंटा आहे. त्या परत मागाव्यात, असं मला वाटत नाही. एव्हाना त्या तिथल्या झाल्या आहेत. पण तिथे दर्शनाला येणाऱ्याला ही घंटा कुठून आली, तिच्यावर कोणाची आकृती आहे, हे सांगणारी मराठीतली चार ओळींची पाटी हवी. मेणवलीच्या घंटेवर मरियम आणि बाळ येशू आहेत. तिच्याखाली कृष्णेत दिवे सोडणाऱ्या बाईला हे कळलं, तर तिचं काहीही बिघडणार नाही.

चर्चचं दार उघडायला नको म्हणणाऱ्यांची भीती मात्र खोटी नाही. काकांनी जे सांगितलं ते ऐकून मला शरम वाटली. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या जोडप्याने वेदीच्या पायऱ्यांवर पोज दिली होती. एकाने मिस्सा चालू असताना ड्रोन उडवला. दानपेटी फुटली ती वेगळीच. त्यानंतर कुलूप आलं. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये शनिवार-रविवारी काय चालतं, ते आपण सगळे बघतो. तिथे फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत आणि त्यांच्यावर उभं राहून माणसं नाचण्याचं चित्रण करतात. हे पाहिलेला गावकरी आपल्या जिवंत चर्चला कुलूप लावणारच. त्याला संकुचित म्हणायचा मला अधिकार नाही.

म्हणूनच पर्यटनाची कल्पना मला धोक्याची वाटते. पर्यटनस्थळ झालं की येणारा माणूस गिऱ्हाईक होतो. पैसे मोजले, आता मला हवं ते दाखवा, अशी त्याची वृत्ती होते, आणि पाहुण्याला जे सहज कळतं ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. आपल्याकडे पाहुणा दारात चपला काढतो, आधी पाणी घेतो, मग घर बघतो. चर्चमध्येही तेवढंच अपेक्षित आहे. टोपी काढावी, आवाज खाली ठेवावा, मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसावं, थडग्याच्या शिळेला वळसा घालावा.

काही मंडळी म्हणतात, सरकारने ही चर्च संरक्षित स्मारकं म्हणून जाहीर करावीत. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीची अट असते. किल्ल्याला ते चालतं. गावठाणाच्या मधोमध असलेल्या चर्चला ते लावलं, तर आजूबाजूच्या शेकडो घरांना साधी न्हाणी वाढवता येणार नाही, आणि ज्यांनी चर्च जगवलं तेच त्याचे वैरी होतील.

सरकारला मदतच करायची असेल तर चुन्याची करावी. हा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्या चर्चमध्ये भाचीने मला भिंतीचा खालचा चार फूट भाग दाखवला. तिथे कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला होता आणि तो ढलप्या ढलप्यांनी सुटत होता. त्याच्या वर, जिथे जुना चुना होता, तिथे भिंत धड होती. काका म्हणाले, "ओल यायची म्हणून सिमेंट लावलं, तर ओल आणखी वर चढली." तसंच होतं. जुनी जाड भिंत जमिनीतून पाणी ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी बाहेर उडून जातं. सिमेंट त्याची वाट बंद करतं, मग पाणी भिंतीच्या आतच वर चढतं. समुद्राकाठच्या त्या पाण्यात मीठ असतं. पाणी वाळलं की मिठाचे खडे दगडाच्या आत वाढतात आणि दगडाचा भुगा करतात. आपले जुने गवंडी याला लोणा लागणं म्हणायचे आणि त्यावर उपाय त्यांच्याकडे होता: चुना महिनोन् महिने भिजत घालायचा, चुन्याच्या घाण्यात मळायचा, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं, आणि दर काही वर्षांनी वरचा थर नव्याने द्यायचा. गिलावा झिजण्यासाठीच असतो, भिंत वाचावी म्हणून.

जुन्या गोव्यात ही चूक दुसऱ्या टोकाने झाली. बॉम जेझसच्या बासिलिकेवरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने खरवडून काढला. उघडा जांभा दगड जास्त प्राचीन दिसतो, असा विचार त्यामागे होता. आज जगभरातून लोक तो लाल दगडी दर्शनी भाग बघायला येतात आणि तेच तिचं मूळ रूप समजतात. सत्तर पावसाळे अंगावर घेऊन तो जांभा आता झिजतो आहे, आणि गिलावा परत द्यावा की नाही यावर वाद चालू आहे. १६०५ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत साडेतीनशे वर्षं चुन्याच्या आड सुखरूप होती. त्याच दर्शनी भागातलं कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे, तो वसईहून जहाजाने गेला होता. तो दगड आपल्या किनाऱ्याचा होता. तिथे जी चूक पर्यटकाच्या डोळ्याला आवडावं म्हणून झाली, ती आपल्या खेड्यात सिमेंटच्या गोणीपायी होते आहे.

आणखी एक दुखरी गोष्ट. वस्ती वाढली, रविवारी निम्मी माणसं बाहेर मांडवात उभी राहतात, म्हणून जुनं चर्च पाडून मोठं बांधायचा ठराव गावोगाव होतो. गरज खरी आहे. उन्हात उभ्या राहणाऱ्या आजीला वारसा जपा म्हणून सांगणं सोपं नाही. पण आवारात जागा असेल तर नवं सभागृह शेजारी बांधता येतं. नसेल तर दर्शनी भिंत आणि वेदी ठेवून मागे वाढवता येतं. आणि पाडायचंच ठरलं, तर त्याआधी प्रत्येक भिंतीचं मोजमाप, प्रत्येक शिळेचा ठसा, वेदीचे फोटो हे सगळं व्हायला हवं. त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. वास्तुकलेच्या वर्गातली पंधरा मुलं आणि एक आठवडा पुरतो.

वह्यांचंही तेच. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने विवाहाच्या नोंदी ठेवणं प्रत्येक धर्मग्रामाला बंधनकारक केलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीही तशाच ठेवल्या जाऊ लागल्या. ज्या चर्चमध्ये जुन्या वह्या वाळवी आणि दमट हवेतून वाचल्या आहेत, तिथे राजाचं किंवा सुभेदाराचं नाव सापडणार नाही. तिथे सापडेल कोळी, भंडारी, माळी, कुणाची मुलगी, कुठल्या पाड्याची, कोणत्या साथीत गेली. मराठीत बखरी आहेत, पत्रं आहेत, दप्तरं आहेत. जिच्या नावाने कधी काही लिहिलं गेलं नाही अशा बाईचं नाव लिहून ठेवणारी वही मात्र फार थोडी. त्या वह्यांचे फोटो काढून ठेवायला कोणत्याही धर्मगुरूची हरकत असू नये, आणि हे काम आपल्या इतिहास मंडळांनी स्वतः पुढे होऊन मागून घ्यावं.

दार उघडायचं कसं, तर माझी कल्पना साधी आहे. रोज दुपारनंतर दोन तास. किल्ली शेजारच्या एका घरात, आणि त्या घरातलं एक माणूस बरोबर. तिकीट नको, दुकान नको, ड्रोन नको. बसने आलेल्यांना परत पाठवावं, चालत आणि सायकलवर आलेल्यांना आत घ्यावं. फोटोची परवानगी त्या बरोबरच्या माणसाच्या तोंडी. आणि वर्षातून एक दिवस ठरवून आजूबाजूच्या सगळ्या गावांना बोलावणं. तो दिवस शोधायची गरज नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा. आमच्याकडे त्याच सुमाराला, आश्विनी पौर्णिमेला, नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, दाराला बांधतात. तीच लोंबी, तेच शेत, थोड्या दिवसांचा फरक.

भाचीने त्या दिवशी निघताना काकांना विचारलं, की मी माझ्या वर्गातली मुलं घेऊन येऊन हे सगळं मोजून काढू का. ते फादरना विचारतो म्हणाले, आणि दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आगेऱ्याच्या आदल्या दिवशी या, रविवारी जेवूनच जा. मी आमच्या वाफ्यातली एक पेंढी बाजूला ठेवायला भावाला सांगून ठेवलं आहे. आईही येणार आहे. तिने चर्चच्या घंटेवर पन्नास वर्षं दिवा लावला, आणि घंटा कुठे टांगलेली असते ते तिला अजून बघायचंय.